खुलताबादमध्ये कोणाकोणाच्या कबरी आहेत?

छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे २५ किलोमीटरवर, वेरूळजवळ खुलताबाद हे तालुक्याचे गाव आहे. बातम्यांत ते बहुतेक वेळा औरंगजेबाच्या कबरीमुळे येते. प्रत्यक्षात ही दफनभूमी त्याच्याहून कितीतरी जुनी आहे. मुघलांशी झुंजलेले दोन शत्रूही याच मातीत आहेत.

हेच ठिकाण का?

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये शेजारच्या दौलताबादला राजधानी हलवली. त्या काळात दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या परंपरेतले सूफी दख्खनमध्ये आले. बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) आणि त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी (मृत्यू १३६९) यांचे दर्गे इथे आहेत. संतांच्या सान्निध्यात दफन होणे पुण्याचे मानले जाई, म्हणून राज्यकर्त्यांनीही ही जागा निवडली. गावाचे जुने नाव रौजा, म्हणजे समाधिस्थान.

प्रमुख कबरी

- अमीर हसन सिजझी : फारसी कवी. निजामुद्दीन औलियांची संभाषणे त्यांनी ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात नोंदवली.
- मलिक अंबर (मृत्यू १६२६) : आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला, पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार. मुघलांना त्याने अनेक वर्षे रोखले. आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया त्याने ‘खडकी’ या नावाने घातला.
- अबुल हसन तानाशाह : गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान. औरंगजेबाने १६८७ मध्ये राज्य जिंकून त्याला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तो कैदेतच वारला.
- औरंगजेब (मृत्यू १७०७) : अहमदनगरला निधन. झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्यावर साधी कबर. संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली. त्याच्या ‘खुल्द-मकान’ या मरणोत्तर पदवीवरून गावाला आजचे नाव मिळाले.
- निजाम-उल-मुल्क आसफजाह (मृत्यू १७४८) : हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक. पालखेडला १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने त्याला कोंडीत पकडले होते. त्याची कबर बुरहानुद्दीन यांच्या दर्ग्यात आहे.

वाद काय आहे?

औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीवरून मार्च २०२५ मध्ये राज्यात वाद पेटला आणि तिथला बंदोबस्त वाढवण्यात आला. ही कबर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतले केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाची नासधूस करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

एका कबरीवरच्या या वादात मलिक अंबर आणि तानाशाह यांच्या कबरी मात्र दुर्लक्षित राहतात. दख्खनने मुघलांना किती काळ झुंजवले, याची साक्ष त्याच देतात.