तुस्कानो आडनांवाचा माग

आमच्या वसईच्या ख्रिस्ती समाजांतलें तुस्कानो हें आडनांव आपल्या देशांत इतरत्र क्वचितच ऐकूं येतें. त्याचा अर्थ इटलींतील तोस्काना प्रांताचा रहिवासी. एवढ्यावरून कित्येकांस आपला मूळपुरुष तेथूनच जहाजानें आला असें वाटतें. आम्हांस हें अनुमान घाईचें वाटतें. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर बाप्तिस्मा घेणाऱ्या येथल्याच कुळांना पुष्कळदा धर्मपित्याचें किंवा पाद्रीबाबांचें आडनांव मिळे. नांव समुद्रापलीकडचें, शेत, वाडी आणि बोली मात्र इथलीच. तेव्हां जुनी वही हातीं आल्यास बापाच्या नांवापाशीं न थांबतां धर्मपित्याचें नांवही वाचावें. तें लिहून ठेवण्याचा दंडक त्रेंतच्या धर्मसभेनें १५६३ सालींच घालून दिला होता.