परक्या जोत्यावरचा निळा प्रकाश

श्रोतेहो, पाया कच्चा असेल तर इमारत टिकत नाहीं, हें वाक्य मीं शाळेंत वर्षानुवर्षें सांगितलें. आज ज्या स्फटिकाची हकीकत सांगणार आहें, त्यानें माझ्या या उपदेशाला थोडी मुरड घातली.

विजेच्या प्रवाहानें लेसर-किरण देणारा अर्धवाहक स्फटिक प्रथम १९६२ सालीं अमेरिकेंत सिद्ध झाला. तो गॅलियम आर्सेनाइडचा होता. त्याच पदार्थाची चकती पायाला मिळत असल्यानें त्यावर थर चढविणें म्हणजे आपल्याच जोत्यावर भिंत बांधणें. पण त्याचे किरण डोळ्यांना दिसत नसत. निळ्या प्रकाशासाठीं गॅलियम नायट्राइड योग्य. मात्र त्याची चकती करतां येईना. तें वितळविण्यास प्रचंड उष्णता व दाब लागतो, नाहीं तर त्यांतील नायट्रोजन निसटून जातो.

म्हणून कृत्रिम नीलमाची चकती पायाला घेतली. भट्टीची आंच ती सोसते. पण दोहोंच्या अणूंच्या अंतरांत शेंकडा १६ चा फरक! वरच्या विटा खालच्या रांगेशीं जुळेनात आणि थर ओबडधोबड होई. बहुतेकांनीं हा नाद सोडला.

जपानांतील नागोया विद्यापीठांत प्राध्यापक इसामु आकासाकी यांनीं तो सोडला नाहीं. त्यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो यांचे शेंकडों प्रयोग फुकट गेले होते. एके दिवशीं भट्टी बिघडली. ती सातआठशें अंशांपलीकडे तापेना. त्यांनीं त्या मंद आंचेवरच अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि त्यावर गॅलियम नायट्राइड वाढविलें. चकती बाहेर काढली तों कांचेसारखी नितळ! गॅलियम सोडावयाचेंच राहिलें कीं काय, अशी त्यांना शंका आली. तें राहिलें नव्हतें. मंद आंचेवरच्या त्या मऊ थरानें दोन विजोड स्फटिकांचा सांधा जुळविला होता. १९८६ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला.

पुढें शुजी नाकामुरा यांनीं, निचिया कंपनींत, १९९३ सालीं तेजस्वी निळा दिवा व १९९५ च्या अखेरीस जांभळट लेसर नीलमावरच साधला. २०१४ सालीं तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें. आश्चर्य असें कीं, या थरांत चौरस सेंटिमीटरास दहा कोटींहून अधिक दोष असूनही दिवा उत्तम जळतो. आपल्या घरांतील पांढऱ्या दिव्यांचा उगम तोच.

लेसर मात्र इतका क्षमाशील नव्हे. दोषांमुळें त्याचें आयुष्य खुंटे. तेव्हां परक्या चकतीवरच गॅलियम नायट्राइडचा जाड थर वाढवून तो सोडवून घेण्याची युक्ति निघाली. अशा रीतीनें त्याला स्वतःचें जोतें लाभलें, तें परक्याच्याच आधारानें.

श्रोतेहो, पाया कच्चा म्हणून मीं कित्येक मुलांना मागच्या बांकावर बसविलें. त्यांच्यासाठीं मधला एखादा मऊ थर घालावा, हें मला तेव्हां सुचलें नाहीं.