रोड फायटर : एका शर्यतीची पुनर्भेट



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. नागपूरकरांना तर त्यासाठीं दूर जावयास नको. सीताबर्डीचा किल्ला शहराच्या मध्यावर उभा आहे आणि १८१७ सालीं तेथें भोंसल्यांची फौज इंग्रजांशीं कशी झुंजली, हें येथील शाळकरी मुलांस ठाऊक असतें. परंतु समाजाचा इतिहास केवळ त्याच्या लढायांत नसतो. तो त्याच्या खेळांतहि असतो. सोंगट्या, गंजिफा, विटीदांडू यांविषयीं आपले पंडित आदरानें लिहितात. आज मी ज्या खेळाविषयीं बोलणार आहें, त्याला तो मान अद्याप मिळालेला नाहीं. तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळला गेला, मुलांनीं खेळला, आणि वडील माणसांनीं त्याचा राग केला. अशा वस्तूंचा इतिहास लवकर पुसला जातो, म्हणूनच तो वेळेवर सांगितला पाहिजे.

त्या खेळाचें नांव 'रोड फायटर'. जपानांतील कोनामी या कंपनीनें १९८४ सालीं तो नाणें टाकून खेळावयाच्या उभ्या यंत्राच्या रूपानें प्रथम बाजारांत आणला, आणि १९८५ सालीं निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' या घरगुती संचासाठीं त्याची आवृत्ति काढली. आपल्याकडे घरांत पोंचली ती ही दुसरी आवृत्ति. तिच्यांत चार टप्पे आहेत. रस्ता आकाशांतून पाहावा तसा वरून दिसतो. आपली गाडी पडद्याच्या तळाशीं असते. एक कळ दाबली असतां ती बेताच्या वेगानें धांवते, दुसरी दाबली कीं वेग ताशीं ४०० किलोमीटरपर्यंत चढतो. पिवळ्या गाड्या आपल्या वाटेनें सरळ जातात. तांबड्या आणि निळ्या मात्र ऐन वेळीं बाजू बदलून आडव्या येतात. मालमोटार कोणाच्या वाटेस जात नाहीं, पण तिला धडकणाराची धडगत नसते. मधून मधून तेलाचे डाग पसरलेले असतात. त्यांवरून घसरलेली गाडी वेळींच योग्य बाजूस वळविली तरच सांवरते. या सर्वांत एक रंगीबेरंगी, लुकलुकणारी गाडी येते. ती तेवढी चुकवावयाची नसते, तर गांठावयाची असते. कारण ती गांठली कीं इंधन वाढतें.

या शर्यतीचें कुल पाहूं गेल्यास तें १९७४ सालापर्यंत मागें जातें. त्या वर्षीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें 'ग्रॅन ट्रॅक १०' नांवाचें यंत्र काढलें. त्याला खरेंखुरें सुकाणूचक्र, पायानें दाबावयाचे खटके आणि गिअरचा दांडा होता. परंतु सर्व धांवपट्टी पडद्यावर एकदमच दिसे आणि गाडी मुंगीसारखी तिच्यावरून फिरे. त्याच वर्षीं जपानांत ताइतो कंपनीसाठीं तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पीड रेस' हा खेळ रचला. पुढें १९७८ सालीं 'स्पेस इन्व्हेडर्स' निर्माण करून जगभर गाजले ते हेच गृहस्थ. त्यांनीं युक्ति अशी केली, कीं खेळणाराची गाडी पडद्याच्या तळाशींच ठेविली, तिला केवळ डावीउजवीकडे हलूं दिलें, आणि समोरचें जग वरून खालीं सरकविलें. 'रोड फायटर' हा या युक्तीचाच वंशज.

ही युक्ति नीट ध्यानांत घ्यावयास हवी. आपली गाडी पुढें जातच नाहीं. रस्ताच तिच्याखालून मागें ओढला जातो. आगगाडींत बसलेल्या मुलाला झाडें पळतांना दिसतात, तोच हा भ्रम. फक्त येथें झाडें खरोखरच पळतात आणि गाडी खरोखरच उभी असते. फॅमिकॉमच्या पोटांत कामापुरती स्मरणशक्ति होती ती अवघी दोन किलोबाइट. खेळ ज्या डबींत सांठविलेला असे, आणि जिला आपण 'कॅसेट' म्हणत असूं, तिच्यांत या खेळाचा सारा ऐवज ४० किलोबाइटांहून अधिक नसे. आजच्या भ्रमणध्वनीनें काढलेल्या एका साध्या छायाचित्रांत असे कित्येक खेळ मावतील. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर समुद्र, पूल, डोंगर आणि वाहनांची वर्दळ उभी करणें, हें कसबी कारागिराचें काम होय.

आतां हा खेळ आपल्या मुलुखांत कसा आला तें पाहूं. १९८२ सालीं दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें भारतांत रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि पुढील दहा वर्षांत मध्यम स्थितीच्या घरांतहि तिचा संच दिसूं लागला. खेळाला लागणारा पडदा असा आधींच घरांत येऊन बसला होता. प्रथम आलीं तीं नाणें किंवा बिल्ला टाकून खेळावयाचीं यंत्रें. त्यांच्यामुळें कायद्यापुढें एक नवाच प्रश्न उभा राहिला. आंत येण्यास तिकीट नाहीं, फक्त खेळणारा पैसे देतो. मग याला करमणूक म्हणावें काय? उत्तर प्रदेशांतील गीता एंटरप्रायझेसच्या खटल्यांत १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही करमणूकच आहे आणि तीवर कर बसतो, असा निर्णय दिला. पुढें १९९५ सालीं कर्नाटकांतून आलेल्या एम. जे. शिवानी यांच्या खटल्यांत, अशा खेळघरांना परवान्याचें बंधन घालण्याचा सरकारचा अधिकार त्याच न्यायालयानें मान्य केला. मुलांच्या एका खेळानें देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत दोनदां मजल मारावी, ही गोष्ट इतिहासकारानें दुर्लक्षिण्यासारखी खास नव्हे.

तथापि खेळघरांतील यंत्राहून घरांतला संचच अधिक पसरला. १९९० नंतरच्या दशकांत फॅमिकॉमच्या धर्तीवर बनविलेले स्वस्त संच भारतांत 'समुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नांवांनीं विकले जाऊं लागले. त्यांच्या कॅसेटींवर लाखों खेळांची ग्वाही छापलेली असे; प्रत्यक्षांत पांचपंचवीस खेळ वेगवेगळ्या क्रमांकांखालीं पुन्हां पुन्हां येत. या बहुतेक कॅसेटी मूळ कंपनीच्या परवानगीवांचून उतरविलेल्या होत्या, आणि आरंभीच्या पाटीवरचें मालकाचें नांव पुष्कळदां पुसलेलें असे. म्हणून हजारों मुलें वर्षानुवर्षें 'रोड फायटर' खेळलीं, पण तो कोणीं रचला हें त्यांना कधींच कळलें नाहीं. लोककथेचा कर्ता जसा अज्ञात राहतो, तसाच हा कर्ताहि राहिला. भेद इतकाच कीं येथें तें नांव काळानें नव्हे, व्यापारानें पुसलें.

या खेळाला नागपूरच्या हवेनेंहि साहाय्य केलें. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुपारीं रस्ते ओस पडतात. शाळेला सुटी, बाहेर ऊन आणि लू, घरांत कूलरची घरघर व भिजलेल्या खसाचा वास : अशा वेळीं मुलांना कोंडून ठेवण्याचें काम पूर्वीं पत्ते आणि अष्टाचंग करीत, तें या संचानें आपल्याकडे घेतलें. खेळ मध्येंच सांठवून ठेवण्याची सोय त्यांत नव्हती. वीज गेली कीं चवथ्या टप्प्यावर पोंचलेला वीरहि पुन्हां पहिल्या टप्प्याच्या आरंभीं येऊन बसे.

अलीकडे मीं हा खेळ संगणकावर मुद्दाम पुन्हां खेळून पाहिला. स्मरणांत राहिला होता तो त्याचा वेग. प्रत्यक्षांत जाणवली ती त्याची काटकसर. या शर्यतींत पहिला क्रमांक नाहीं, दुसरा नाहीं. आपण कोणाला किती वेळा मागें टाकलें, यावर कांहींच ठरत नाहीं. प्रश्न एकच : इंधन संपण्यापूर्वीं मुक्कामीं पोंचतां काय ? गाडी जळाली तर ती पुन्हां मिळते, मृत्यु असा नाहींच. परंतु प्रत्येक अपघात कांहीं इंधन खाऊन जातो. हळू जाणाराचें इंधन वाटेंतच सरतें आणि बेफाम जाणाराचें धडकांत सरतें. न धडकतां बराच काळ गेलें, तर एक उडता वीरपुरुष रस्त्याच्या कडेनें वर जातो आणि एक हजार गुण मिळतात. म्हणजे ज्या खेळाला आपण उनाड समजत होतों, तो बक्षीस देतो तें संयमाला.

आपल्या विदर्भाला शर्यत नवी नाहीं. तळेगांव दशासरसारख्या गांवांचा शंकरपट पाहिलेल्या माणसाला ठाऊक असतें, कीं तेथें सेकंदाच्या अंशावर बैलजोडीची कीर्ति ठरते. त्या शर्यती ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद झाल्या. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्यें त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य धरला. त्या वादाच्या मुळाशीं प्रश्न होता तो असा, कीं माणसाच्या वेगाच्या हौसेची किंमत कोणी मोजावयाची ? पटांत ती बैल मोजतो. पडद्यावर कोणीच मोजीत नाहीं, कारण तेथें इंधनाचा आंकडा तेवढा खालीं येतो. परंतु तिसरेंहि एक ठिकाण आहे, आणि तें नागपूरच्या वेशीवरच आहे.

श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्वपश्चिम जाणारा महामार्ग ५३ नागपुराशीं एकमेकांस भेटतात. त्यांत ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धि महामार्गाची भर पडली. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा. रुंद, सरळ, चौक नसलेला असा हा रस्ता. सपाट प्रदेशांत हलक्या वाहनांना ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्यास निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. त्या वर्षीं येथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनीं या मार्गावरील अपघातांच्या कारणांत महामार्गाच्या संमोहनाकडे बोट दाखविलें. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनहि मन मिटतें, तीच ही अवस्था.

येथें त्या जुन्या खेळाचा एक गुण नव्यानें दिसतो. सुनसान रस्ता खेळणाराला गुंगवील, हें जणूं ओळखूनच त्याच्या कर्त्यानें तांबडी गाडी आडवी घातली, तेल सांडलें, रस्ता मध्येंच अरुंद केला. अडथळा हाच तेथें खेळणाराचा रखवालदार आहे. आपण खरा रस्ता बांधला तो अडथळे काढून, आणि जागें राहण्याचें सारें ओझें एकट्या चालकावर टाकलें. खेळानें माणसें बेफाम होतात, असा आक्षेप त्या काळीं नित्य घेतला जाई. तो सर्वस्वी खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु 'रोड फायटर' एवढें तरी शिकवीत होता, कीं शर्यत जिंकावयाची नसून मुक्काम गांठावयाचा असतो.

हे संच आतां बिघडले, फेंकले गेले. कॅसेटींचे दांते काळवंडले. गंजिफा संग्रहालयांत आहेत, पण आपल्याच एका पिढीचें हें खेळणें वस्तुसंग्रहांत क्वचितच आढळेल. म्हणून श्रोत्यांस माझी एक विनंति आहे. आपल्या घरच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल तर ती टाकूं नका. तिला एक चिठ्ठी बांधा आणि तीवर लिहा : कोणत्या सालीं घेतली, कोणत्या बाजारांत, किती रुपयांस, आणि कोण कोण तिच्यावर खेळलें. तेवढी एक चिठ्ठी पुढील इतिहासकाराला पुरेशी होईल.