पाटणचा शिलालेख आणि वैशाखातली सावली

मंडळी, वैशाखाची दुपार आहे असे समजा. चाळीसगावच्या स्टेशनावर उतरलात की उन्हाची झळ आधी तुमच्या स्वागताला येते. तितूर आणि डोंगरी या दोन नद्या गावात एकमेकींना भेटतात खऱ्या, पण या दिवसांत त्यांच्या भेटीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. अशा वेळी कुणी उन्हाळ्यातल्या आनंदाच्या गोष्टी सांगू लागला तर तुम्ही म्हणाल, "बुवा, आधी सावलीत या, मग बोला." बरोबर आहे. मला आज सावलीबद्दलच बोलायचे आहे.

चाळीसगावापासून पाचसहा कोसांवर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. आज तो सारा भाग गौताळा अभयारण्यात येतो. वैशाखात तिथे झाडे निष्पर्ण होतात, पाचोळा पायाखाली वाजतो. पण आठशे वर्षांपूर्वी तिथे बाजार भरत असे, तेलाचे घाणे फिरत असत, आणि विद्यार्थी गणित शिकत असत. हे मी कल्पनेने सांगत नाही. तिथल्या शिलालेखात ते कोरलेले आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली तो विद्वानांच्या नजरेस आणला.

लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि या मुलखाचा निकुंभ घराण्यातला राजा सोइदेव याने श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या वेळी त्या मठाला दान दिले. ज्योतिषाच्या शाळेला ग्रहणाचा मुहूर्त! याहून चांगला कोणता मिळणार?

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि चक्क जुनी मराठी सुरू होते. राजाची थोरवी संस्कृतात सांगितली तरी चालते. पण कर कुणी किती द्यायचा, हे बाजारातल्या माणसाला समजायला नको का? पाटणच्या बाजारात जो माल येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला आहे. जितके घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल मठाला. पळी! तुमच्या घरच्या चुलीपाशी टांगलेली असते ना, तीच. मला या लेखातल्या सगळ्या राजांपेक्षा ही पळी जास्त जवळची वाटते. शाळा कशी चालते, हे ज्या गुरुजींना ठाऊक आहे त्यांना तिचे मोल सांगायला नको.

आता त्या मठात शिकवायचे काय, तर भास्कराचार्यांचे ग्रंथ. त्यांचा जन्म १११४ चा, आणि 'सिद्धान्तशिरोमणि' त्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. ते मूळचे कुठले, यावर पंडितांत वाद आहे. आपण त्यात पडायला नको. या ग्रंथाच्या 'गोलाध्याया'त ग्रहांची, गोलाची सारी कठीण चर्चा चाललेली असताना मध्येच ऋतूंच्या वर्णनाचे एक प्रकरण येते. गणिताला त्याची काही गरज नव्हती. ऋतूंचे निमित्त करून रसिकांसाठी थोडी कविता दाखवली, असे आचार्यच सांगून टाकतात. आकडेमोड करता करता या माणसाने मान वर करून बाहेर पाहिले, आणि पाहिल्याचे लपवले नाही.

त्यांच्या 'लीलावती'तली उदाहरणेही तशीच. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात वर आहे. वाऱ्याने हळूहळू कलून ती दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? उत्तर आहे पावणेचार हात. भुजकोटिकर्णाचा नियम लावा, म्हणजे येते. पण हे उदाहरण घालणारा माणूस केव्हा तरी तळ्याकाठी बराच वेळ बसला असला पाहिजे, नाही का? आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र पाण्याच्या टाक्या भरतात आणि गळतात. मुलांना गणित रुक्ष वाटते ते उगीच नाही.

तुमच्याकडे आता आखाजी येईल. कपाशी, ज्वारी घरात आलेली, रान मोकळे, सालदाराचे जुने वर्ष सरून नवे सुरू होणार. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरस आणि पुरणपोळी होते, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर गाणे रचले, ते अशाच दिवसांचे. कडक उन्हाच्या ऐन मध्यावर खानदेशाने आपला मोठा सण ठेवला आहे. ही सोय शेतीच्या कामांमुळे झाली, हे खरे. तरी झोक्यावरच्या पोरीला कपाशीचा हिशेब विचारायला जाऊ नका.

आखाजीनंतर थोड्याच दिवसांनी एक गंमत घडते, आणि ती पाहायला पैसा लागत नाही. चाळीसगावी मे महिन्याच्या २२-२३ तारखेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. 'लीलावती'त सावलीच्या गणिताचे वेगळे प्रकरण आहे, आणि त्यात माप असते बारा अंगुळांच्या शंकूचे. तुम्ही साधी सरळ काठी घ्या. सपाट अंगणात ओळंबा लावून ती उभी रोवा. सुटी असली तरी चारदोन पोरे जमतीलच. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगा. सावली आखडत येईल आणि साडेबाराच्या सुमारास काठीच्या बुंध्यात शिरून दिसेनाशी होईल. पोरे आधी काठीकडे पाहतील, मग आपापल्या पायांकडे. जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपास सूर्य परतताना पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते.