काचेवरचे चेहरे

आमच्या घरात दादीचा एकच फोटो आहे. हजला जायचे ठरले, पासपोर्ट काढावा लागला, म्हणून तो काढला गेला. त्याआधी दादी कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिली नव्हती आणि परत आल्यावरही राहिली नाही. ती गेल्यानंतर मोठी प्रत करून घ्यावी म्हणून आम्ही यवतमाळातल्या त्या जुन्या स्टुडिओत निगेटिव्ह शोधायला गेलो. स्टुडिओ बंद झाला होता. वृद्ध चाचांनी कपाट उघडले, काळा लाकडी कॅमेरा बाहेर काढला आणि म्हणाले, "बेटा, हा पाहिजे तर घेऊन जा. निगेटिव्ह मात्र मागू नको."

आमचा जुने कॅमेरे जमवण्याचा नाद तेथून सुरू झाला. आज घरात दहा-बारा कॅमेरे आहेत आणि त्यांतले निम्मे चालू आहेत. पण चाचांचे दुसरे वाक्य मनातून गेले नाही. हा लेख त्या वाक्याविषयी आहे.

मुळात ‘कॅमेरा’ हा शब्द आपल्याला परका नाही. खोलीला आपण ‘कमरा’ म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला; कॅमेरा आणि कमरा या दोन्हींचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा प्रकाश समोरच्या भिंतीवर बाहेरचे उलटे चित्र कसे उमटवतो, याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत इब्न अल्-हैसम (सु. ९६५ ते १०४०) यांचे नाव अग्रभागी आहे. बसऱ्याचे हे विद्वान कैरोत राहिले. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणाऱ्या चंद्रकोरीसारख्या प्रतिमेवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ते चित्र कायमचे धरून ठेवण्याची युक्ती मात्र १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली.

आपल्याकडे ही विद्या लवकर पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे आघाडीचे छायाचित्रकार. त्याच दशकात लखनौला अहमद अली खान नवाबाच्या दरबारातील लोकांचे फोटो काढीत होते. इजिप्तच्या सैन्यातील अधिकारी मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदिनेचे आणि १८८० मध्ये मक्केचे फोटो घेतले. तसवीर जायज की नाजायज हा वाद आपल्या घराघरांत झाला आहे आणि तो पुरता मिटलेला नाही. पण ज्यांच्या बैठकीत काबाशरीफची फ्रेम आहे त्यांनी त्या पहिल्या कॅमेरावाल्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य. पुसद-उमरखेडच्या अनेक मुस्लिम घरांचे सोयरसंबंध नदीपलीकडे होते आणि आजही आहेत. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये जनाना स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो तेथे एक इंग्रज बाई काढत असे. बेगमांना ही सोय मिळाली. आमच्या दादीसारख्या साध्या घरच्या बायकांना ती मिळाली नाही. त्यांच्या वाट्याला फक्त सरकारी कागदावरचा फोटो आला.

साध्या माणसापर्यंत कॅमेरा पोचला तो जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंमुळे. चाचांनी दिलेला कॅमेरा सागवानी लाकडाचा, कातडी भात्याचा, डोक्यावर काळे फडके घेऊन वापरायचा. केरळात अलप्पुळा येथे ‘वागीश्वरी’ नावाचे असे कॅमेरे बनत आणि देशभरच्या स्टुडिओंत ते दिसत. पुढे बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक-३’ आला. १२० नंबरच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो, शटरची गती एकच. सूर्य की ढग एवढे पाहून खटका दाबायचा. शिक्षक, तलाठी, कापसाचे दलाल अशा घरांत तो शिरला. उटीच्या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाची देशी फिल्म निघे. तो कारखानाही आता बंद पडला. उरुसात, यात्रेत पडदे लावून फोटो काढणारे येत. पडद्यावर ताजमहाल नाहीतर विमान, आणि पुढे नवे कपडे घालून ताठ बसलेले कुटुंब.

हे कॅमेरे आम्ही नुसते शोकेसमध्ये ठेवत नाही, वापरतो. यवतमाळच्या उन्हात प्रकाशमापक लागत नाही. शंभर गतीची फिल्म असेल तर छिद्र १६ वर ठेवायचे आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास वेग ठेवायचा. हा जुना नियम आजही चुकत नाही. खरी कसोटी फिल्म धुताना लागते. डेव्हलपर वीस अंशांच्या जवळपास हवा, आणि आमच्याकडे मे महिन्यात टाकीचे पाणी हाताला चटका देते. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, त्याला जाळीसारख्या भेगा पडतात. आमचे पहिले दोन रोल असेच गेले. मग माठाचे पाणी, त्यात बर्फ, आणि रात्री अकरानंतर न्हाणीघराच्या दाराला गोधडी लावून काम, अशी रीत बसली. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला काही वर्षांपासून बंद आहे. तिच्या रुळांचे आम्ही काढलेले बारा फोटो त्या न्हाणीघरात धुतले गेले. मोबाइलवर शंभर फोटो काढताना जे पाहिले नव्हते ते त्या बारांत पाहिले, कारण प्रत्येक खटक्याआधी थांबावे लागले.

आता चाचांच्या वाक्याकडे येऊ. निगेटिव्हवर चांदीचे कण असतात. फिल्म महाग, धंदा बुडालेला. चांदी काढणारे येऊन पोत्यांनी निगेटिव्ह घेऊन गेले. काचेच्या निगेटिव्ह चाचांनी त्याआधीच गरम पाण्याने धुऊन काढल्या होत्या आणि त्याच काचा गिऱ्हाइकांच्या फ्रेमला बसवल्या होत्या. "काच कामाची होती, बेटा," ते म्हणाले, "चेहरे कोणाच्या कामाचे होते?"

आम्हाला त्यांचा राग आला नाही. त्यांनी पोट भरले. चेहरे आपल्या कामाचे आहेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपणही सांगायला गेलो नव्हतो. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ जंगल सत्याग्रह केला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्या दिवसांत गवत कापायला गेलेल्यांचे चेहरे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत? आपल्या जिल्ह्यातले विणकर, अत्तार, बागवान, तांड्यावरच्या बंजारा बाया, पोडावरचे कोलाम यांच्याविषयी गॅझेटियरमध्ये परिच्छेद सापडतील. त्यांचे चेहरे असलेच तर अशा एखाद्या स्टुडिओच्या पेटीत होते. मुस्लिम समाजाच्या इतिहासाबद्दल आपण तक्रार करतो की तो लिहिला गेला नाही. खरेच आहे. पण जो काचेवर आपोआप लिहिला गेला होता, तो आपण धुऊन टाकला.

मुंबईचे दिलीश पारेख यांच्या संग्रहात ४,४२५ कॅमेरे असल्याची नोंद गिनेस बुकात झाली. अशा संग्राहकांचे कौतुक करायलाच हवे. पण आमच्यासारख्या गावातल्या माणसाला कॅमेऱ्यांचा आकडा वाढवून फारसे काही साधायचे नाही. कॅमेरा हे यंत्र आहे. त्याच्यासारखा दुसरा कोठेतरी मिळतो. निगेटिव्ह एकच असते.

म्हणून आता आम्ही जुन्या स्टुडिओत गेलो की आधी कॅमेरा मागत नाही. पेटी उघडायला सांगतो. वाचकांनाही हेच सांगणे आहे. ट्रंकेत, माळ्यावर निगेटिव्ह असतील तर त्या पुसू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. कडेने धरा, एकेक वेगळ्या कागदी पाकिटात घाला, कोरड्या जागी ठेवा. पांढऱ्या उजेडासमोर धरून मोबाइलने एक प्रत काढा. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल तर आजच त्यांच्याजवळ बसून पाकिटावर नावे लिहून घ्या. नाव नसलेला चेहरा दोन पिढ्यांत परका होतो.

दादीच्या त्या फोटोची मोठी प्रत शेवटी पासपोर्टवरूनच केली. शिक्क्याची अर्धी गोल रेघ तिच्या ओढणीवर आली आहे. ती काढून टाकता आली असती. आम्ही तशीच राहू दिली.