दीर्घ मुदतीचा व्हिसा व ओसीआय कार्ड
पेण-रोह्याकडील अनेक बेने इस्रायली (कोकणातील ज्यू) कुटुंबे (पेणकर, रोहेकर ही आडनावे याच गावांची) इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याखाली तिथली नागरिक झाली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. गावी पुन्हा राहायचे तर व्हिसा किंवा २००५ पासूनचे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, हे दोन मार्ग. व्हिसाला मुदत असते. १८० दिवसांहून लांबणाऱ्या मुक्कामासाठी सहसा परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागते. ओसीआय कार्ड आजन्म चालते, नोंदणी लागत नाही. वरचेवर येणाऱ्याने तेच घ्यावे. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही. खांबसारख्या भातशेतीच्या गावात खरी अडचण जमिनीची: वारसाने सातबाऱ्यावर नाव लागू शकते, पण शेजारचे खाचर विकायला निघाले तरी विकत घेता येत नाही.