तारेची वाट कोणी आखावी?

विजेचा इतिहास खांबांच्या संख्येत सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मला निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. खांब कोठे रोवावा हे ठरविताना गावाला कोणी विचारले काय?

१८८५ च्या तार कायद्याने सरकारला कोणाच्याही जमिनीवरून तार नेण्याचा अधिकार दिला. मालकाच्या वाट्याला भरपाई आली. संमतीचा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांच्या वीज मंडळांची तरतूद केली आणि मोठी योजना राजपत्रात छापून संबंधितांचे म्हणणे मागवावे असे सांगितले. हेतू चांगला, पण चिखलदऱ्याच्या दऱ्याखोऱ्यांतील कोरकू वस्तीवर राजपत्र वाचणार कोण? पुढे २००३ च्या विद्युत कायद्यानेही तार कायद्यातील जुना अधिकार वीजवाहिन्यांसाठी देण्याची सोय ठेवली.

मग कारभारच लोकांच्या हाती दिला तर? तोही प्रयोग झाला. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पाठबळाने नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली. पुढे थकबाकी साचली व २०११ साली तिचा परवाना संपला. सभासदाला मताबरोबर हिशेबही कळला पाहिजे, हा त्यातला धडा.

मेळघाटात पेच अधिक अवघड आहे. १९७३-७४ साली येथे व्याघ्र प्रकल्प आला. उघड्या तारेवर आकडा टाकून जनावर मारतात, ही वनखात्याची भीती खोटी नाही. पण विजेवाचून पिठाची चक्की नाही, पाण्याचा पंप नाही, हे गावाचे दुःखही खोटे नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने यातून वाट दाखविली. वीजवाहिनीसारख्या सोयीसाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे न तोडता देता येते. मात्र ग्रामसभेची शिफारस हवी. आजवर केवळ भरपाईचा धनी असलेला गाव येथे प्रथमच निर्णयाचा भागीदार झाला.

तरीही सावध असावे. तयार करार वाचून दाखविणे म्हणजे वाटाघाट नव्हे, हे कामगार चळवळीत आम्ही पुरते शिकलो आहोत. नकाशा पुरा झाल्यावर मागितलेली शिफारस ही नुसती सही होय. इंजिनियर, वनरक्षक आणि गावकरी यांनी आधी ती वाट मिळून चालावी. कोणता नाला पावसाळ्यात फुगतो, कोणत्या मोहावर किती घरांचे पोट आहे, हे गावालाच ठाऊक असते. ते ऐकून आखलेली तार गाव आपली म्हणून राखील. न ऐकता आखलेली तार सरकारचीच राहील.